शहरानं पाणी घ्यावं, पण शेतकऱ्याशी करार करून

इचलकरंजी शहराला दूधगंगा नदीवरच्या सुळकूडचं पाणी द्यायचं की नाही यावर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात वर्षानुवर्षं भांडण चाललंय, आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडचं ऐकलं की दोन्हीकडचं पटतं. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, दूषित पाण्यानं माणसं गेली, घरंच्या घरं आजारी पडली. ज्या गावाच्या उशाशी पंचगंगा वाहते त्या गावाला प्यायचं पाणी लांबून आणावं लागतं, आणि नळाला पाणी यायचा दिवस असला की आजही बायका कामावर खाडा करून घरी थांबतात. दुसऱ्या बाजूला दूधगंगा काठचा शेतकरी म्हणतो की उन्हाळ्यात आमच्या मोटरी आधीच बंद असतात, वरनं दूधगंगेवरच्याच काळम्मावाडी धरणातनं कोल्हापूरला थेट पाइपलाइन गेली, आता खालनं इचलकरंजीला नेणार, मग आमच्या उसानं काय करायचं. याच्या आधी वारणा नदीवर दानोळी गावात हेच झालं, गाव रस्त्यावर उतरलं, योजना मागं पडली आणि मग सुळकूड पुढं आलं. नदी बदलली, भांडण तेच राहिलं.

मला वाटतं यात पाणी किती आहे यापेक्षा ते देण्याची पद्धत जास्त चुकतेय. धरणातलं पाणी शहराला द्यायचं ठरतं तेव्हा कागदावर सह्या कुणाच्या असतात? जलसंपदा खात्याची आणि महापालिकेची. मंजुरी मंत्रालयातनं येते. नदीकाठाला पन्नास-साठ वर्षं पाणी उचलणाऱ्या ज्या पाणीपुरवठा संस्था आहेत त्यांना हे पेपरमधनं कळतं, आणि पेपरमधनं कळलं की पुढची पायरी मोर्चाचीच असते, कारण बोलायला दुसरी जागाच ठेवलेली नाही. शहरानं पाणी जरूर घ्यावं, पिण्याच्या पाण्याला पहिला मान आहे आणि तो असायलाच पाहिजे, पण ते शेतकऱ्यांच्या संस्थांशी लेखी अदलाबदलीचा करार करून घ्यावं. तुमचं इतकं पाणी घेतो, त्या बदल्यात इतकं देतो, अमुक महिन्यात देतो, अमुक दर्जाचं देतो, नाही दिलं तर इतकी भरपाई, असं पांढऱ्यावर काळं झालं पाहिजे, आणि खाली संस्थेच्या चेअरमनची सही पाहिजे.

कुणी म्हणेल शेतकऱ्यांना करार कुठला जमतोय. त्यांनी एकदा करवीर नाहीतर कागल तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या उपसा संस्थेचा कारभार जवळनं बघावा. नदीला जॅकवेल म्हणजे पाणी उचलायची विहीर, तिथनं वर माळापर्यंत पाइप, मधे चेंबर, चेंबरपासनं पाट, आणि या सगळ्याचं कर्ज सभासदांच्या सातबाऱ्यावर बोजा चढवून काढलेलं. कित्येकांच्या वडिलांनी ते कर्ज फेडलं, काहींचं नातवापर्यंत आलं. पाटकऱ्याच्या वहीत गट नंबर, क्षेत्र, पाळी कधी लागली, किती तास पाणी गेलं, रात्री लाइट गेली म्हणून किती तास बुडाले, ते बुडालेले तास पुढच्या पाळीला कुणाला मिळायचे, सगळं लिहिलेलं असतं. पाणीपट्टी कारखान्याच्या बिलातनं कापून जाते. बांधाला बांध लागून असलेल्या, एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन भावकीतली माणसंसुद्धा त्या वहीतला आकडा मानतात. पाण्याचा हिशेब कसा ठेवायचा आणि तो कसा पाळायचा हे या लोकांना कुठल्याही महापालिकेपेक्षा जास्त कळतं, असं मी जबाबदारीनं म्हणतो.

आणि आपला जिल्हा या बाबतीत कुणाच्या मागं नाही. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलं, ते पुढं कितीतरी वर्षांनी पुरं झालं, पण नदीत पाणी सोडायचं, जागोजागी बंधारे घालून अडवायचं आणि काठच्या लोकांनी ते उचलायचं ही पद्धत इथं रुजली. या बंधाऱ्यांना केटी वेअर म्हणतात त्यातला के म्हणजे कोल्हापूरच. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या दारातल्या फळ्या, घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे, हे गावागावात माहितीय. इतकं सगळं असताना शहर आणि शेती यांच्यात नीट व्यवहार का होऊ नये?

असा व्यवहार जगात दुसरीकडं झालेला आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरच्या उत्तरेला नॉर्थग्लेन नावाचं छोटं शहर आहे. त्या भागात कालव्यांच्या कंपन्या असतात, शेतकरीच त्यांचे शेअरहोल्डर, जितके शेअर तितकं पाणी, म्हणजे आपल्या पाणीपुरवठा संस्थेची सख्खी चुलत बहीण. फार्मर्स रिझर्व्हायर अँड इरिगेशन कंपनी ही त्यातली एक मोठी, तिचं स्टँडली लेक नावाचं तळं आहे. १९७० च्या दशकात शेजारच्या थॉर्नटन शहरानं या कंपनीचं पाणी सक्तीनं संपादन करायचा प्रयत्न केला, आपल्याकडं रस्त्याला जमीन घेतात तसं, आणि प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. नॉर्थग्लेननं दुसरी वाट धरली. त्यांनी १९७६ साली याच कंपनीशी करार केला की तुमचं पाणी आम्ही उसनं घेतो, आमच्या लोकांना पाजतो, वापरून झालेलं सांडपाणी गोळा करतो, त्यावर प्रक्रिया करून साठवतो आणि तुमच्या हंगामात तुम्हाला परत देतो, आणि घेतलं त्यापेक्षा दहा टक्के जास्त देतो. आपल्याकडं शेजारनीकडनं मापभर जोंधळं उसनं आणलं तर परत करताना माप शिगोशीग भरून देतात, अगदी तसं. शेतकऱ्याला दहा टक्के वर मिळाले, शहराला पाणी मिळालं, आणि जमीन पडीक पडली नाही. पुढं या करारात बदल झाले, १९७९ साली तीन शहरं आणि ही कंपनी मिळून चौघांचा एक करार झाला, थॉर्नटनसुद्धा त्यात आलं. म्हणजे कोर्टात भांडणाऱ्यालाही शेवटी टेबलावर बसावंच लागलं.

याच राज्यात उलटं उदाहरणही आहे आणि ते आपल्या लोकांनी नीट ऐकावं, कारण पाणी विकून मोकळं व्हा असं सांगणारी माणसं आपल्याकडंही भेटतात. क्राउली काउंटी म्हणून एक तालुक्यासारखा भाग, तिथं पन्नास हजार एकरांच्या आसपास जमीन भिजत होती. १९७०-८० च्या दशकांत तिथल्या शेतकऱ्यांनी पाण्याचे हक्क शहरांना विकले, ऑरोरा, कोलोरॅडो स्प्रिंग्ज, प्वेब्लो अशी शहरं घेणारी. पैसे आले, पण पाणी गेलं ते कायमचं गेलं. आज तिथं काही हजार एकरच भिजतात, बाकी माळ झालाय, धूळ उडते, आणि नुसतं शेत गेलं असं होत नाही, शेताबरोबर बियाण्याचं दुकान जातं, ट्रॅक्टरचं गॅरेज जातं, शाळेतली पोरं कमी होतात. ज्यानं विकलं त्याला निदान पैसे तरी मिळाले, ज्याच्याकडं विकायला काही नव्हतं त्या मजुराला काय मिळालं? म्हणून मी विक्री म्हणत नाही, अदलाबदल म्हणतोय.

तिसरं उदाहरण मला आपल्यासाठी सगळ्यात कामाचं वाटतं. कॅलिफोर्नियात इम्पीरियल व्हॅलीला कोलोरॅडो नदीचं पाणी येतं, मोठी शेती आहे. १९८८ साली लॉस एंजेलिस आणि आजूबाजूच्या शहरांना पाणी पुरवणाऱ्या मेट्रोपोलिटन वॉटर डिस्ट्रिक्टनं तिथल्या शेतीला पाणी पुरवणाऱ्या इम्पीरियल इरिगेशन डिस्ट्रिक्ट या सार्वजनिक संस्थेशी करार केला की तुमच्या कालव्यांची गळती काढायला, अस्तरीकरणाला, सुधारणांना आम्ही पैसे घालतो, त्यातनं जेवढं पाणी वाचेल तेवढं आम्हाला द्या. वर्षाला लाखभर एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं राहील ते एक एकर-फूट), आपल्या भाषेत सव्वाचार टीएमसीच्या वर (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), पाणी असं उभं राहिलं. शेतकऱ्याच्या वाट्याला हात न लावता. पुढं २००३ साली सॅन डिएगोबरोबर त्याहून मोठा करार झाला, वर्षाला दोन लाख एकर-फुटांपर्यंत, म्हणजे ८.७ टीएमसी. आपलं राधानगरी धरण काठोकाठ भरलं की ८.३६ टीएमसी होतं, त्यावरनं अंदाज येईल. पण त्या करारातही एक माणूस बाजूला राहिला. शेतातनं वाहून जाणाऱ्या पाण्यावर साल्टन सी नावाचं खारं सरोवर जगत होतं, शेतात पाणी वाचायला लागलं तसं ते आटायला लागलं, उघड्या पडलेल्या तळाची धूळ आजूबाजूच्या वस्त्यांत जाते आणि लहान पोरांच्या छातीचे आजार हा तिथला मोठा प्रश्न झालाय. दोघांच्या करारात तिसऱ्याचं काय होतं ते आधी बघायचं असतं, ते मी पुढं आपल्या नदीच्या बाबतीत सांगतोच.

आता आपल्याकडं येऊ. कोल्हापूर शहर पिढ्यान्पिढ्या पंचगंगेचं, भोगावतीचं पाणी पीत आलं, शिंगणापूर, बालिंगा इथनं उपसा व्हायचा. मग थेट पाइपलाइनची मागणी, त्यासाठी कितीतरी आंदोलनं, ४८८ कोटींची योजना, आणि २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी पन्नासहून जास्त किलोमीटरवरनं शहरात आलं. चांगलं झालं, शहरातल्या माणसाला स्वच्छ पाणी मिळालंच पाहिजे. पण यात एक गोष्ट झाली तिच्याकडं कुणी नीट बघितलेलं नाही. आधी शहर पंचगंगेचं पाणी घ्यायचं आणि घाण करून का होईना पंचगंगेलाच परत द्यायचं. आता पाणी दूधगंगेचं घेतलं जातं आणि सांडपाणी पंचगंगेत जातं. म्हणजे एका नदीतनं दुसऱ्या नदीत पाणी चाललंय, कायमचं. दूधगंगा काठच्या शेतकऱ्याचं तितकं पाणी गेलं आणि बदल्यात त्याला काहीच आलं नाही. पंचगंगा काठच्या शेतकऱ्याच्या नदीत तितकं पाणी वाढलं, पण ते सांडपाणी म्हणून वाढलं. उद्या सुळकूड झालं तर इचलकरंजीचंही हेच होणार, पाणी दूधगंगेचं, सांडपाणी पंचगंगेला. या दोन नद्यांचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. दूधगंगेचा माणूस चिडतो त्याचं मूळ इथं आहे, आणि त्याला स्वार्थी म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

मी जरा मांडून बघतो. कोल्हापूरची सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, कसबा बावड्याचं ७६ एमएलडीचं (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर) आणि दुधाळीचं १७ एमएलडीचं, दोन्ही मिळून ९३ एमएलडी क्षमता. पूर्ण क्षमतेनं चालली असं धरलं तर दिवसाला ९.३ कोटी लिटर, वर्षाला जवळजवळ १.२ टीएमसी. तुळशी धरण ३.४७ टीएमसीचं आहे, म्हणजे त्याच्या एक तृतीयांश पाणी दरवर्षी शहराच्या गटारातनं तयार होऊ शकतं. पण हा आकडा सभेत टाळ्या घ्यायला बरा, करारात तसाच घालून चालणार नाही. कारण पावसाळ्यात ते पाणी कुणाला नकोय, तेव्हा नदीच गावात येते, २०१९ आणि २०२१ ला पंपिंग स्टेशनंच पुरात बुडाली आणि महापुरात शहराला प्यायला पाणी नव्हतं. शेतकऱ्याला पाणी पाहिजे फेब्रुवारी ते मे. त्या चार महिन्यांचा हिशेब केला तर ०.४ टीएमसीच्या आसपास भरतं. दिसायला कमी आहे. पण उपसाबंदीच्या दिवसांत नदीकाठच्या माणसाला एक पाळी चुकली तर उसाचं काय होतं हे ज्यानं बघितलंय त्याला हे पाणी कमी वाटणार नाही.

उपसाबंदी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकासाठी सांगायला पाहिजे. उन्हाळ्यात धरणातलं पाणी पुरवायचं म्हणून खातं एक पत्रक काढतं, अमुक बंधाऱ्यापासनं अमुक बंधाऱ्यापर्यंत या तारखेपासनं या तारखेपर्यंत शेतीचा उपसा बंद, कुणी मोटर चालू केली तर परवाना रद्द, मोटर जप्त. पिण्याच्या योजनांना बंदी नसते, आणि ते बरोबरच आहे. पण त्या आठ-दहा दिवसांत नदीकाठाला उभं राहिलं की दिसतं काय, तर एका जॅकवेलमधला पंप गप्प आणि शेजारच्या जॅकवेलमधला चालू. नदी एकच, पाणी एकच. गप्प पंपवाल्याच्या सातबाऱ्यावर बोजा आहे, त्याची भरणी आणि खताची मात्रा पाळीवर ठरलेली आहे, आणि त्याच्या नुकसानीची कुठं नोंदसुद्धा होत नाही. बंदी घालू नका असं माझं म्हणणं नाही. शहरासाठी त्याची मोटर बंद ठेवली तर त्याच्या नावावर काहीतरी जमा झालं पाहिजे, इतकंच.

तर अदलाबदल दोन नद्यांवर दोन तऱ्हेची करावी लागेल. पंचगंगेच्या बाजूला पाण्याच्या बदल्यात पाणी देता येतं. शहर काळम्मावाडीवर गेल्यामुळं पंचगंगेतला उपसा जितका कमी झाला तितकी वरच्या अंगाला भोगावती काठची उपसाबंदी सैल झाली पाहिजे, हे आकड्यात लिहून द्या. आणि बावड्याचं प्रक्रिया केलेलं पाणी नदीत सोडून देण्यापेक्षा उन्हाळ्यात थेट संस्थांच्या चेंबरला जोडा. हे करताना खालच्या गावांचं, म्हणजे पार शिरोळपर्यंतच्या लोकांचं पाणी तोडून चालणार नाही, कारण आज नदीत सुटणारं ते पाणी खालचा माणूस बंधाऱ्यावरनं उचलतोच. इथंच तो साल्टन सीचा धडा आहे. म्हणून दूधगंगेतनं जितकं नवीन पाणी पंचगंगेच्या खोऱ्यात आलंय तितकंच वाटायला घ्यायचं, जे आधीपासनं खाली जात होतं ते जाऊ द्यायचं.

दूधगंगेच्या बाजूला पाणी परत नेणं परवडणारं नाही, चढावर उलटं पंपिंग करून सांडपाणी न्यायचा विचारही कुणी करू नये. तिथं इम्पीरियलचा मार्ग आहे. काळम्मावाडी धरण २५ टीएमसीच्या वरचं, पण धरणाच्या गळतीची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, कालव्यांची गळती वेगळीच. खाली कालव्याच्या कडेला पाझरानं जमिनी चिबड होतात आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, माणसाला पाणी पोचत नाही. मग कोल्हापूर आणि इचलकरंजी या दोन महापालिकांनी पाण्याच्या बदल्यात कालव्याच्या अस्तरीकरणाला, बंधाऱ्यांच्या दुरुस्तीला, उपसा संस्थांच्या जुन्या फुटक्या पाइपा बदलायला आणि उसाला ठिबक करायला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यावी. जे पाणी वाचेल ते मोजून दोघांनी वाटून घ्यावं, सगळं शहरानं नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या वाचवलेल्या पाण्यातनं काही मिळणार नसेल तर तो ठिबक कशाला करेल? सरकारचं अनुदान येतं, जातं, वर्षभर अडकतं. शहराचा पैसा पाणीपट्टीतनं दर महिन्याला येतो, तो या कामाला जोडला तर काम थांबत नाही.

आपल्या राज्यात असं काही झालंच नाही असं नाही. नागपुरात महापालिकेनं महाजेनकोशी, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीशी, करार केला, भांडेवाडीचं १३० एमएलडी सांडपाणी प्रक्रिया करून कोराडीच्या वीज केंद्राला, आणि वीज केंद्राला लागणारं धरणाचं पाणी तितकं सुटं झालं. केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणातसुद्धा आहे की प्रक्रिया केंद्रापासनं पन्नास किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रानं असंच पाणी वापरायचं. आपल्याकडं औष्णिक केंद्र नाही, पण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा एमआयडीसी आहेत, इचलकरंजीत कापड रंगवण्याच्या प्रोसेसचे कारखाने आहेत. त्यांच्या कामाला धरणाचं स्वच्छ पाणी कशाला लागतं?

पण पुण्याचं उदाहरण जास्त जवळचं आणि जास्त कडू आहे. खडकवासल्यातनं शहरानं जास्त पाणी घ्यायचं आणि बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधनं बेबी कालव्यात शेतीला सोडायचं असं ठरलं. कागदावर हीच अदलाबदल. प्रत्यक्षात पाण्याच्या दर्जावरनं हवेली, दौंड भागातनं तक्रारी होत राहिल्या, फेस येतो, वास येतो, विहिरी खराब झाल्या. कारण करार महापालिका आणि खातं यांच्यात झाला. ज्याच्या शेतात ते पाणी जाणार त्याची सही नव्हती, त्यामुळं पाणी घाण आलं तर त्यानं कुणाकडं बोट दाखवायचं? खातं म्हणतं महापालिकेला विचारा, महापालिका म्हणते आम्ही खात्याला दिलं. तिसऱ्याच्या शेतावर दोघांचा करार, तो कसा टिकणार.

दर्जाचा मुद्दा आपल्याकडं पुण्यापेक्षाही नाजूक आहे. शिरोळ तालुक्यात हजारो एकर जमीन क्षारपड झालीय, पिढ्यान्पिढ्या जास्त पाणी आणि जास्त खत देऊन. तिथल्या लोकांनी स्वतःच्या खर्चानं सच्छिद्र पाइपा गाडून, पाणी निचरून जमिनी परत पिकाला आणल्यात, एकेका एकरामागं कर्ज काढून. अशा जमिनीत क्षार जास्त असलेलं पाणी सोडलं तर ती सगळी मेहनत मातीत जाईल. इचलकरंजीच्या प्रोसेसचं पाणी मिठाचं आणि रसायनाचं असतं, ते घरगुती सांडपाण्यात मिसळलं की साधं प्रक्रिया केंद्र त्यातला क्षार काढू शकत नाही. म्हणून इचलकरंजीचं पाणी शेतीला द्यायचं असेल तर पहिली अट, प्रोसेसची लाइन वेगळी. नुसता बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचं माप, बघून चालणार नाही, क्षारता बघा, सोडियम बघा. आणि नमुना कुणी घ्यायचा? संस्थेच्या माणसासमोर, संस्थेनं निवडलेल्या लॅबमध्ये. तपासणीचा कागद ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागला पाहिजे, मराठीत, हिरवा-लाल करून, म्हणजे पाटकऱ्यालाही कळेल आज चेंबर उघडायचा की नाही.

आता आक्षेप. पहिला म्हणजे पाणी शेतकऱ्याच्या मालकीचं नाही, सरकारचं आहे, मग तो करार कशाचा करणार? बरोबर आहे, कोलोरॅडोत पाण्याचा हक्क ही मालमत्ता आहे, आपल्याकडं फक्त परवानगी आहे. पण २००५ साली महाराष्ट्रानं दोन कायदे केले, एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि दुसरा सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडं द्यायचा. त्यांत पाणी वापर संस्थेला पाण्याचा हक्काचा कोटा देण्याची सोय आहे, आणि कोटा हंगामापुरता किंवा वर्षापुरता दुसऱ्याला देण्याघेण्याचीही तरतूद आहे. म्हणजे दार कायद्यानंच उघडलेलं आहे. अडचण अशी की नदीवरनं थेट उचलणाऱ्या आपल्या उपसा संस्थांकडं बहुतेक ठिकाणी फक्त उपशाचा परवाना आहे, मोजून दिलेला कोटा नाही. आधी तो द्यायला लागेल. इथं शेतकऱ्यांनाही एक गोष्ट मान्य करावी लागेल, ती म्हणजे मीटर. मीटरला आपल्याकडं जोरदार विरोध आहे आणि त्यामागची भीती खरी आहे, मीटर आला की पाणीपट्टी वाढते हे सगळ्यांना वाटतं. पण न मोजलेल्या पाण्याचा करार होत नाही. उद्या तुम्ही म्हणाल आमचं दहा आवर्तनाचं पाणी गेलं आणि खातं म्हणेल दोनचंच गेलं, पुरावा काय दाखवणार? मीटर हा शेतकऱ्याचा साक्षीदार आहे असं मी तरी बघतो, फक्त त्याचा खर्च शहरानं करावा आणि करार चालू असेपर्यंत मीटरच्या आकड्यावरनं पट्टी वाढवायची नाही असं कलम त्यात असावं.

दुसरा आक्षेप शहरातनं येतो, आम्ही घरपट्टी पाणीपट्टी भरतो, वर शेतकऱ्याला पैसे कशाला, ऊसवाले गब्बर आहेत. अहो, उपसा संस्थेचा बहुसंख्य सभासद एक-दोन एकरवाला आहे. आणि विरोधामुळं योजना दहा-दहा वर्षं लांबते तेव्हा पोलाद महागतं, सिमेंट महागतं, टँकर चालू राहतात, त्याचे पैसे कोण भरतं? शहरच भरतं. एखाद्या योजनेच्या किमतीतले दोन-चार टक्के जरी सुरुवातीलाच काठच्या गावांच्या नावानं बाजूला काढले असते तर दानोळीत ती वेळ आली नसती, असं मला मनापासनं वाटतं.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सगळ्यात जास्त छळतो. करारात ज्यांची संस्था आहे त्यांना मिळेल, पण ज्यांची संस्थाच नाही, नदीपासनं लांब माळावर आहेत, भूमिहीन आहेत, त्यांचं काय? याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. इतकं करता येईल की शहरासाठी जी पाइपलाइन ज्या ज्या गावाच्या शिवारातनं जाते त्या गावाच्या पिण्याच्या पाण्याचा वाटा त्याच लाइनीतनं काढून द्यायचा, आणि करारातल्या रकमेचा एक हिस्सा संस्थेऐवजी गावाला द्यायचा. आपल्या शिवारातनं पाण्यानं भरलेली पाइप शहराला जाते आणि आपल्या नळाला मात्र पाणी नाही, हे कुठलंही गाव सहन करणार नाही, आणि का करावं?

सुरुवात कुठनं करायची याचंही सांगतो. सगळ्या जिल्ह्याचा एकदम करार करायला गेलात तर ते कधीच होणार नाही. बावड्याच्या प्रक्रिया केंद्राजवळच्या तीन-चार उपसा संस्था घ्या आणि फेब्रुवारी ते मे असा एकच हंगाम ठरवा. महापालिका पाणी देणार, पंपिंगचं लाइट बिल महापालिकेचं, कारण ते पाणी नदीत सोडायची जबाबदारी आणि खर्च तिचा वाचतो. बदल्यात त्या संस्था त्या चार महिन्यांत नदीतला उपसा तितका कमी करणार, मीटरवर मोजून, आणि वाचलेलं पाणी बंधाऱ्यात खालच्या गावांना राहणार. पाणी सलग तीन दिवस ठरलेल्या दर्जाचं आलं नाही तर संस्थेला नदीतनं उचलायची मुभा आपोआप मिळणार, उपसाबंदी असली तरी, त्यासाठी कुठल्या साहेबाच्या सहीची वाट बघायची नाही. खातं करारात तिसरा पक्ष म्हणून असेल, कारण हे शेवटचं कलम त्याच्याशिवाय पाळलं जाणार नाही. मुदत एक वर्ष. वर्ष संपलं की संस्थेच्या वार्षिक सभेत महापालिकेच्या इंजिनिअरनं येऊन हिशेब वाचून दाखवायचा, आणि पुढचं वर्ष द्यायचं की नाही ते सभासदांनी हात वर करून ठरवायचं.